तळाशी अंगठी

बूजमाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे अल्लावाला नऊ वर्षांत पुष्कळदा आठवलं होतं. दाढी करताना, पुलावरून वाऱ्यात टोपी धरून चालताना, बूजमाच्या गावाहून, अन्नाबाहून, कुणी मासे आणले म्हणजे. पण ते आठवणं दातात अडकलेल्या धाग्यासारखं होतं. जीभ तिथं जाई आणि परत येई, एवढंच. पाच आठवड्यांपूर्वी इस्पितळात मुलांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मुलीच्या, शाहिनाजच्या, आतड्याचे फोटो टेबलावर मांडले, आजाराचं नाव घेतलं, क्रोन, आणि वही पुढं ओढून विचारलं की घराण्यात कुणाला होता का. घराण्यात कुणाला नव्हता. पण नाव ऐकल्याबरोबर अल्लावाला ते निळ्या शाईत दिसलं, जरा उजवीकडे कललेलं, बूजमाच्या हातचं. तो म्हणाला, घराण्यात नाही, माझ्या एका मित्राच्या मुलाला आहे. बाईंनी मान वर केली. "कसा आहे तो आता?" त्यांनी विचारलं. सहजच विचारलं, वहीत लिहायलासुद्धा नाही. अल्लावा म्हणाला, मला ठाऊक नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, जहीदानं, त्याच्याकडे पाहिलं. आणि तपासणीच्या खाटेवर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या शाहिनाजनंही पाहिलं. बारा वर्षांच्या मुलीची ती नजर त्याच्या मनातून गेली नाही. आजार कसला, किती दिवसांचा, हे सगळं बाई नीट समजावून सांगत होत्या आणि तो मान डोलावत होता, पण आत कुठंतरी एकच प्रश्न उघड्या खिडकीसारखा आपटत राहिला. कसा आहे तो आता?

ते पाच आठवडे वाईट गेले असं मात्र म्हणता येणार नाही, आणि हेच अल्लावाला कुणाला सांगायची चोरी वाटे. लोक भेटत, चेहरा पाडून चौकशी करत, आणि त्यालाही चेहरा पाडावा लागे. खरं तर घरात एक हलकेपणा आला होता. शाहिनाजला आठ आठवडे जेवण बंद होतं. नुसती डब्यातली पूड पाण्यात कालवून दिवसाला सहा पेले. आतड्याला विसावा मिळावा म्हणून. दुसऱ्या आठवड्यात तिचं दुखणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात ती जिन्यावरून धावत खाली गेली आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकून अल्लावा पुस्तक हातात धरून तसाच उभा राहिला, कारण हा आवाज घरातून केव्हा नाहीसा झाला होता ते त्याला आठवेना. काल वजन केलं तर दीड किलो वाढलं होतं. जहीदा पोरीला वजनाच्या काट्यावरून उतरूच देईना. "थांब गं जरा, आकडा डोळे भरून बघू दे," ती म्हणाली. तिची आई लल्ला अकिला त्यांच्याकडेच राहत असे. तिनं मिठाची चिमूट नातीवरून ओवाळून चुलीत टाकली आणि दीड किलो असं मोठ्यानं म्हणू नका, म्हणाली, शेजारी कान आहेत.

आणि आज सकाळी अल्लावाच्या चष्म्याच्या पेटीवर अंगठी होती. दोरीसारखा पीळ दिलेली, सोन्याची, अगदी बारीक. खाली एक कार्ड. नगरपालिकेच्या ग्रंथालयात अल्लावानं चौतीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. निवृत्त होताना कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा त्यानं घरी आणला होता आणि घरातले सगळे निरोप त्यांच्यावरच लिहिले जात. शाहिनाजच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ही माझी नाही. ते रोजे खरे नव्हते. खाली सही केली होती, जशी शाळेच्या अर्जावर करतात तशी.

गेल्या वर्षीच्या रमजानातली ती संध्याकाळ. सत्ताविसावा दिवस. मुलीनं पहिला रोजा धरला की तिला नवरीसारखी सजवून उंच आसनावर बसवायचं, आणि रोजा सोडायला द्यायच्या शर्बताच्या पेल्यात तळाशी अंगठी टाकायची. शर्बत संपलं की अंगठी तिची. ही अंगठी लल्ला अकिलाच्या स्वतःच्या पहिल्या रोज्याची. घरातला जुना मखमली झगा, जरीचं काम केलेला, शाहिनाजच्या अंगावर चढवला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी उरला. बायकांनी तो पाठीमागून टाचण्यांनी आवळला. अकरा टाचण्या लागल्या. कुणीतरी म्हणालं, किती नाजूक आहे, चिनी मातीची बाहुली. अल्लावाला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या दिवशीचा फोटो दिवाणखान्यात आहे. समोरून पाहिलं तर राजकन्या दिसते. टाचण्या पाठीमागे आहेत.

रमजान संपला तरी तिनं रोजे सोडले नाहीत. दर सोमवारी आणि गुरुवारी ती उपाशी राहू लागली, मोठी श्रद्धाळू माणसं राहतात तशी. मग मध्येच एखादा बुधवार. जहीदाला काळजी वाटे, पण लल्ला अकिला म्हणे, पोर देवाकडे चाललीय आणि तू तिला भाकरीकडे ओढतेस. शेजारच्या बायका येऊन हळूच सांगत, शाहिनाज, रोजा सोडताना आमच्या नावानं दोन शब्द माग गं, तुझं मागणं वर पोचतं. शाळेतल्या बाईंनी वर्गापुढे तिचं नाव घेतलं. अल्लावा स्वतः फारसा धार्मिक नव्हता. पुस्तकांत रमणाऱ्या माणसाचा देव असतो तसा त्याचा देव होता, कपाटात नीट ठेवलेला. पण आपल्या पोटी, उतारवयात, असं काहीतरी उजळ आलंय याचा त्याला अभिमान वाटला. दरवाज्याच्या चौकटीवर तो दर वाढदिवसाला तिच्या उंचीची पेन्सिलीनं रेघ मारी. या खेपेला नवी रेघ जुन्या रेघेवरच आली. त्याला वाटलं, गेल्या वर्षी आपलीच पट्टी तिरपी धरली गेली असेल. असल्या बाबतीत तो नेहमी स्वतःची चूक आधी धरी, आणि तशी ती धरण्यात एक प्रकारची सोय आहे हे त्याला आत्ता आत्ता कळू लागलं होतं.

ती खात नव्हती, कारण खाल्लं की दुखत असे. बस्स, एवढंच होतं. रिकाम्या पोटी दुखत नव्हतं, आणि या गावात रिकाम्या पोटी राहणाऱ्या मुलीला कुणी विचारत नाही, तिचं कौतुक करतात. दुसऱ्या कुठल्या गावात मुलगी जेवत नाही म्हणून आठ दिवसांत डॉक्टरकडे नेली असती. संध्याकाळी रोजा सोडताना ती तीन खजूर खाई, चार चमचे जारीचं सूप, आणि मग न्हाणीघरात जाऊन बसे. पुष्कळ वेळ. त्यानं पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा, हिवाळ्यात, तो दाराबाहेर जाऊन उभाही राहिला होता. आत नळ सोडलेला होता. त्यानं विचारलं, बरं आहे ना गं? आतून आवाज आला, हो. त्या एका हो-वर तो पुढचे तीन महिने निर्धास्त निजला. मग या रमजानात, नवव्या रोज्याला, शाळेच्या अंगणात ती खाली बसली ती उठलीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी निघताना एक गोष्ट सांगितली होती. हा आजार निजतो आणि जागा होतो. आता निजवू आपण त्याला, पुढंमागं कधीतरी कूस बदलेल. त्याची पहिली चाहूल तुमच्या मुलीलाच लागणार; आणि तिनं ती त्याच दिवशी तुम्हाला सांगितली पाहिजे. वर्षानं नाही. बाई हे बोलल्या तेव्हा शाहिनाज खिडकीबाहेर दरीवर घिरट्या घालणारे पक्षी बघत होती. अल्लावाच्या सगळ्या समाधानाच्या तळाशी तेवढं एक रुतून बसलं होतं: ती सांगेल का? जी मुलगी वर्षभर दुखणं रोज्याच्या झग्यात गुंडाळून, पाठीमागून टाचण्या लावून हिंडली, ती पुढच्या वेळी का सांगेल? आणि आता हे कार्ड. म्हणजे पाच आठवडे ती पेले पीत होती, हसत होती, धावत होती, आणि आत स्वतःला खोटारडी म्हणत होती. कार्ड हातात घेऊन तो खोलीत दोनदा फिरला. उत्तर द्यायला हवं होतं. तिला समोर बसवून चार वाक्यं बोलायला हवी होती, आणि ती वाक्यं चांगली असायला हवी होती. त्याला एकही सुचेना. संध्याकाळी बोलू, त्यानं ठरवलं, नीट विचार करून. आणि हे ठरवताक्षणी त्याला ओळखीची ती जागा जिभेला लागली. हे असंच झालं होतं. अगदी असंच.

तो टोपी घेऊन बाहेर पडला. जहीदानं कुठं चाललात म्हणून विचारलं तर ग्रंथालयात म्हणाला, आणि ते म्हटल्यावर त्याला कळलं की आपण तिथंच चाललो आहोत. पुलावर वारा होता. खाली दरीत नदीची नुसती रेघ. बूजमा आणि तो सैन्यातली सक्तीची नोकरी एकत्र करत होते, दक्षिणेला, वाळूत, दोन वर्षं. बूजमा मासे विकणाऱ्याचा मुलगा, मोठ्यानं हसणारा. अल्लावा पेटीत पुस्तकं भरून नेलेला. बाकीचे अल्लावाची टवाळी करत, हा मौलाना बंदुकीलासुद्धा कव्हर घालील, म्हणत. बूजमा संध्याकाळी त्याच्या खाटेवर येऊन बसे आणि म्हणे, वाच काहीतरी, मला नाही कळलं तरी चालेल, तुझा आवाज झोप आणतो. माणसानं माणसाला दिलेली याहून मोठी शाबासकी अल्लावाला पुढं कधी मिळाली नाही. सुटल्यावर ते वर्षातून एकदोनदा पत्रं लिहीत. मग ते शेवटचं आलं, चार पानी. शाहिनाज तेव्हा तीन वर्षांची होती. बूजमाच्या तेरा वर्षांच्या मुलाला, सैफला, काहीतरी झालं होतं. डॉक्टर एक परकं नाव सांगत होते. तू पुस्तकांत बसतोस, बूजमानं लिहिलं होतं, बघ काय असतं ते. अल्लावानं त्याच दुपारी वैद्यककोशाचा खंड काढला. सात ओळी होत्या. कारण ज्ञात नाही. दीर्घकाळ चालतो. या दोन वाक्यांचं मित्राला काय लिहायचं? अजून कुठं काही बरं सापडेल, मग लिहू, म्हणून त्यानं पत्र खूण म्हणून त्या पानातच ठेवलं आणि खंड मिटला. मग ईद आली, मग जहीदाचे वडील वारले, मग उशीर झाला, मग उशिराची लाज वाटू लागली. निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरताना त्याला तो खंड आठवला होता. तो आणायला तळघरात जावं लागलं असतं. सगळे केक कापायला थांबले होते.

खिडकीशी बसणारी रचीदा, जिला त्यानंच कामाला लावून घेतलं होतं, त्याला बघून उठून उभी राहिली. त्यानं खंड मागितला. तिनं विनंतीचा फॉर्म पुढं सरकवला.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच, सी अल्लावा. फॉर्मशिवाय स्वतः महापौर आला तरी द्यायचं नाही, हे तुम्हीच भिंतीवर लावलंयत. अजून आहे तिथं. काच पण बदलली मी."

त्यानं फॉर्म भरला. 'वाचनाचा हेतू' या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली, आणि मग त्यानं लिहिलं: पत्रव्यवहार. खंड आला. मागच्या कार्डावर शेवटची तारीख त्याच्याच हातची होती. नऊ वर्षांत या गावात कुणालाही त्या पानापर्यंत जावंसं वाटलं नव्हतं. पत्र होतं. कागदाची छाप दोन्ही पानांवर पिवळट उमटली होती, एखादा माणूस एकाच जागी फार दिवस बसला की गादीवर उमटते तशी. त्यानं ते बाहेर बाकावर बसून वाचलं. बरंचसं त्याला पाठ होतं. दुसऱ्या पानाच्या खाली मात्र एक मजकूर होता तो त्याला मुळीच आठवत नव्हता. पोरगा जेवत नाही, बूजमानं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं लाडावलाय. मग कळलं, खात नाही म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून आम्हाला वाटतं बरा आहे. या फसवणुकीत सहा महिने गेले. तुझ्या घरात लेकरू आहे, म्हणून लिहितो.

अल्लावानं कागद गुडघ्यावर ठेवला. समोरच्या दुकानात तांब्याची भांडी ठोकत होते. ठक ठक, मग थांबून भांडं फिरवायचं, परत ठक ठक. म्हणून लिहितो. बूजमानं त्याच्याकडे काही मागितलं होतं एवढंच इतकी वर्षं त्याच्या लक्षात राहिलं होतं. बूजमानं काही दिलंही होतं. ते त्यानं जपून, नियमानं, योग्य त्या पानावर ठेवून दिलं होतं. त्यानं कागद पुन्हा उचलला. शेवटची ओळ अशी होती: काही सापडलं नाही तरी दोन ओळी लिही. इथं सगळे सल्ले देतात, कुणी विचारत नाही.

घरी आला तर जिन्यापासूनच वास होता. नारिंगाच्या फुलांचे दिवस होते. गच्चीवर चादर पसरून त्यावर पांढऱ्या फुलांचा ढीग, आणि कोपऱ्यात शेगडीवर लल्ला अकिलाचं अर्क काढायचं तांब्याचं भपकं, वरच्या भांड्यात गार पाणी, बाजूच्या नळीतून फुलांचं पाणी थेंबथेंब बाटलीत पडत होतं. तिथून हलायचं नाही, बोलायचंही बेतानं, असा तिचा कायदा. सासू-जावयात अकराच वर्षांचं अंतर. एरवी ती त्याला मानानं सी अल्लावा म्हणे, रागावली की नुसतं जावई. आज तिनं त्याच्याकडे पाहून मानेनंच चादरीकडे खूण केली. शाहिनाज तिथं देठ खुडत बसली होती. तो टोपी काढून तिच्याजवळ बसला. गुडघे वाजले. खिशातून त्यानं दोन्ही कागद काढले आणि फुलांवर ठेवले, तिचं कार्ड आणि ते पत्र. संध्याकाळी नीट बोलण्यासाठी जमवलेली वाक्यं त्याच्यापाशी अजूनही नव्हती.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पत्र आहे. तू तीन वर्षांची होतीस तेव्हाचं. याचं उत्तर मी दिलं नाही."

"का?"

"आधी सुचलं नाही. मग उशीर झाला. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली. मग जितके दिवस जात तितकं..."

"तितकं जड होतं," ती म्हणाली, आणि हातातलं फूल नुसतंच फिरवत राहिली.

मग तिनं पत्र उचललं आणि वाचू लागली. ओठ हलवत, सावकाश. दुसऱ्या पानाच्या खाली ती थांबली, परत वर गेली, परत खाली आली. अल्लावा तिच्या हाताच्या मनगटाकडे बघत होता. तिथं पुन्हा थोडं मांस धरलं होतं.

"हा सैफ म्हणजे बाईंनी विचारलेला?"

"हो."

"मेला का तो?"

"ठाऊक नाही."

"म्हणून लिहीत नव्हतास?"

त्यानं हो म्हटलं. ते हो तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. नळीतून थेंब पडत होते. शाहिनाज पत्राची घडी घालू लागली, जुन्याच घड्यांवर, काळजीपूर्वक. पहिल्या दिवशी तिला खरंच रोजा धरायचा होता, असं ती त्या घडीकडे बघतच सांगू लागली. झगा हवा होता, अंगठी हवी होती, देवाचंही थोडं होतं. दुपारी तिच्या लक्षात आलं की आज दुखत नाहीये. मग सोमवार आला. मग सगळे एवढे खूश झाले की आता मध्येच कसं सांगायचं.

"मी दाराबाहेरून विचारलं होतं," अल्लावा म्हणाला. "हिवाळ्यात. आठवतं?"

"आठवतं. तुला हो ऐकायचं होतं."

"हो," तो म्हणाला. "मला हो ऐकायचं होतं. ती माझी चूक. तुझी नाही."

तिनं पुढचं फूल उचललं. त्याला वाटलं, आपण पुन्हा कमी पडलो, याहून काहीतरी जास्त म्हणायला हवं होतं. बराच वेळ दोघंही देठ खुडत राहिले. मग ती म्हणाली, "तू उत्तर लिही. मग मी सांगत जाईन."

"काय?"

"दुखलं तर. थोडं दुखलं तरी."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"मग मला पण लाज वाटत राहील," ती म्हणाली; आणि इतकं सरळ म्हणाली की त्याला हसू आलं, आणि त्याला हसू आलेलं बघून तिला.

चार वाजले होते, चौथ्या पेल्याची वेळ. जहीदा पेला घेऊन वर आली, तो तिच्या हातातून लल्ला अकिलानं घेतला, भपक्याकडे तोंड करून त्यात काहीतरी केलं आणि नातीच्या हातात दिला. फुलांच्या पाण्याचे दोन थेंब घालायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. ती मिळवायला लल्ला अकिला स्वतः इस्पितळात जाऊन बसली होती. शाहिनाजनं नाक मुरडून पेला तोंडाला लावला. पूड दाट पांढरी, आत काही दिसत नाही. शेवटच्या घोटाला दाताला काहीतरी लागून किणकिणलं. तिनं पेला खाली घेतला. अल्लावानं आपला खिसा चाचपला. सकाळी बाहेर पडताना अंगठी चष्म्याच्या पेटीवर तशीच राहिली होती.

"आजी, ती माझी नाही. मी कार्डावर लिहिलंय."

"मला वाचता येत नाही," लल्ला अकिला म्हणाली. "आणि मी दिलेलं परत घेत नाही. गिळू नकोस म्हणजे झालं. गिळलीस तर तुझी ती डॉक्टरीण नळी घालून काढील, तिला काय, सवय आहे."

"पण ते रोजे..."

"कुणाच्या रोज्यात काय होतं ते त्याचं तो बघून घेईल. माझ्या पहिल्या रोज्याला मी दुपारी हौदाला तोंड लावलं होतं. साठ वर्षं घातली ही अंगठी, बोट काही झडलं नाही." मग ती भपक्याच्या वरच्या भांड्यातलं तापलेलं पाणी बदलू लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं पोर देवाकडे चाललीय. तिकडेच चालली होती की काय, कोण जाणे. आता इकडे राहा." जहीदानं तोंडावर ओढणी धरली. लल्ला अकिला खेकसली, रडायचं असेल तर खाली जा, इथं पाणी गढूळ होतं.

अल्लावानं पत्र उन्हं असेतो तिथंच, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहिलं. पहिले तीन कागद फाडले. एकात नऊ वर्षांची माफी दोन पानं झाली होती. ती वाचून त्याला वाटलं, यात बूजमा कुठंच नाही, सगळा मीच आहे. चौथ्यावर त्यानं लिहिलं की कोशात सात ओळी सापडल्या होत्या, त्यात तुला सांगण्यासारखं काही नव्हतं. की माझ्या मुलीला तोच आजार आहे आणि तू मला वेळेवर सांगितलं होतंस, मी वाचलं नाही. की ती सध्या बरी आहे, काल वजन केलं, दीड किलो वाढलंय. आणि मग, नवी ओळ घेऊन: तू कसा आहेस? एवढ्यावर तो अडला. दुसरा प्रश्न लिहिण्याचं धाडस त्याला होईना. सैफ कसा आहे, असं लिहावं, आणि तिकडे तो नसला तर? की नावच घेऊ नये? लेखणी हवेत धरून तो बसला होता. शाहिनाज बाजूला येऊन बसली, कागद स्वतःकडे ओढला आणि खाली गोल अक्षरात लिहिलं: सैफ, तुला पण पुडीचे पेले दिले होते का? व्हॅनिला बरा लागतो की चॉकलेट? लवकर कळव, माझे तीन आठवडे राहिलेत.

तो तिला थांबवणार होता. असं कसं लिहिता येईल, आपल्याला काहीच माहीत नाही, असं म्हणणार होता. पण त्यानं ते वाक्य दोनदा वाचलं, आणि सबंध पत्रात तेवढंच एक नीट लिहिलेलं आहे, असं त्याला वाटलं. त्यानं पाकीट चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला पेला झाल्यावर, ती दोघं टपालघराकडे निघाली. शाहिनाजनं अंगठी पिवळ्या दोऱ्यानं आतून गुंडाळून मधल्या बोटात घातली होती. अजून सैल होत होती. चौकात कोवळं ऊन होतं. फूलवाले गोणीतून नारिंगाची फुलं मापून देत होते आणि बायका, पाऱ्यासारखा भाव चढलाय म्हणून त्यांच्याशी भांडत होत्या. टपालघराच्या पायऱ्या ती एकेक करून चढली. पिवळ्या पेटीपाशी अल्लावानं खिशातून पाकीट काढलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला. तो नऊ वर्षांपूर्वीचा पत्ता होता. तिथं आता कोण राहत असेल, असा विचार मनात यायला लागला होता.

"बाबा," शाहिनाज म्हणाली. "सकाळपासून इथं थोडं दुखतंय."

तिनं बोट ठेवून दाखवलं. उजवीकडे, खाली. पायऱ्या, चौक, फुलांच्या गोण्या सगळं क्षणभर लांब गेलं. आणि त्या भीतीला लागूनच, तिच्या पाठीला पाठ लावून, एक अशी निवांत ऊब त्याच्या अंगात पसरली की त्याची त्यालाच शरम वाटली. तिनं सांगितलं होतं. सकाळपासून म्हणजे दोन तास. दोन तासांत सांगितलं होतं.

"आधीसारखं?" त्यानं विचारलं.

"आधीसारखं नाही. काल वाकून देठ खुडत होते ना, त्याचं असेल. पण थोडं दुखलं तरी सांगायचं ठरलंय."

"ठरलंय. दहाला बाईंना फोन करू."

"करू," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी पेटीचं जड पितळी झाकण उचलून धरलं, अंगठी त्यावर टकटकली, आणि ती त्याच्याकडे बघत थांबली. "टाक ना. हात दुखतोय."

त्यानं टाकलं. आत कुठं पडल्याचा आवाज आला नाही. खाली आधीची पत्रं असणार, त्यांच्यावरच जाऊन पडलं असणार.